शस्त्र व गोळ्या आत नेऊ नयेत

रुग्णालयात बंदूक नेऊ द्यावी की नाही, या प्रश्नावर माझं मत पहिल्यापासून एकच आहे. नेऊ देऊ नये. हे मत मी आजही बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीतल्या काही लोकांनी परस्पर जाहीर करून टाकलंय की शिवकुमारचं मत बदललं. गल्लीतल्या लोकांना उद्योग नसतात. मी स्वतः दवाखान्यात बंदूक नेली हे खरं आहे. रिक्षातून नेली, भर दुपारी नेली, आणि नेताना रिक्षावाल्याला 'जरा लवकर घे बाबा' असंही म्हणालो. पण मत वेगळं आणि रिक्षा वेगळी.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि सोलापुरातच आमच्या पेठेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचा मानद सचिव झालो. वीस खाटांचा दवाखाना. मानद म्हणजे पगार नाही, मानही बेताचाच, पण सही मात्र करायला मिळते. निवृत्त माणसाला सहीची फार आठवण येते.

तर झालं असं. कुठल्याशा सोसायटीच्या निवडणुकीला उभे असलेले एक गृहस्थ आपल्या आजारी चुलत्याला भेटायला आले. चुलत्याच्या पाया पडायला वाकले आणि शर्ट वर गेला. कमरेला पिस्तूल! शेजारच्या खाटेवर मुतखड्याचा पेशंट होता. चार दिवस औषधांना दाद न देणारा त्याचा खडा तेवढ्यात पडला, असं वॉर्डात अजून सांगतात. वैद्यकीयदृष्ट्या हे फायद्याचं झालं असेल, पण प्रशासनाच्या दृष्टीने बरोबर नव्हतं. मी त्याच आठवड्यात विश्वस्तांची बैठक लावली.

बैठकीत एक विश्वस्त म्हणाले, हल्ली नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा उलट डॉक्टरांनाच एकेक पिस्तूल द्या. दुसरे म्हणाले, आपल्या डॉक्टरांचं अक्षर बघा आणि मग त्यांचा नेम कसा असेल याचा विचार करा. तिसऱ्यांचं म्हणणं, ज्याला सरकारने परवाना दिला तो जबाबदार माणूस, त्याला आपण कोण अडवणार? मग मी उभा राहिलो. म्हणालो, "दवाखान्यात येणारा माणूस आधीच भ्यालेला असतो. त्याला आणखी भिववणारी कुठलीही वस्तू दाराच्या आत येता कामा नये. मग ती पुढाऱ्याची असो, पोलिसाची असो, नाहीतर माझ्या सख्ख्या भावाची." टाळ्या पडल्या नाहीत, पण चहा आला आणि ठराव मंजूर झाला. दारात बोर्ड लावायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

बोर्डाचा मजकूर मी स्वतः तयार केला. एकसष्ट शब्दांचा, एकाच वाक्यातला, कुठेही पळवाट न ठेवलेला. नबीलाल पेंटरने तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"सायब, येवढं लिवायचं म्हंजी स्टेशनची भिंत लागंल. पत्रा किती हाय तुमचा?"

पत्रा होता तीन बाय दोन. नबीलालने खडूचं बोट फिरवत फिरवत माझे एकसष्ट शब्द सहावर आणले: 'शस्त्र व गोळ्या आत नेऊ नयेत.' वर लाल रंगात 'सक्त सूचना'. अक्षर मात्र असं देखणं की रस्त्यावरची माणसं थांबून वाचायची. मी वॉचमन गौसला समोर उभं करून सगळा नियम समजावला. गौस पूर्वी ट्रकवर होता, सांगितलेलं काम रेषाभर इकडेतिकडे न करता करणारा माणूस. "मंत्री आला तरी सोडायचं नाही," मी म्हणालो. "मंत्री असू दे न्हाय तर तुमी असा," गौस म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गेलो तर गौसच्या टेबलावर भाजीची टोपली आणि टोपलीत औषधं. पाकिटं, डब्या, कागदाच्या पुड्या. लोक निमूटपणे रांगेत उभे राहून बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या जमा करत होते आणि गौस प्रत्येकाला टोकन देत होता.

"गौस, हे काय?"

"गोळ्या की, सायब. आत न्यायच्या न्हाईत."

एकतीस जणांच्या गोळ्या जमा झाल्या होत्या. परत घेताना टोकनांची अदलाबदल झाली आणि एक आजी दुसऱ्याच आजींच्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या. नशीब, कॅल्शियमच होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून जे काही ऐकवलं ते मी घरी सांगितलं नाही. त्यातच हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या एका आजोबांनी लांबूनच 'शस्त्र' एवढं वाचलं, पुढचं 'क्रिया' मनानेच जोडलं, आणि ऑपरेशनं बंद झाली असं समजून खुशीत घरी निघून गेले. त्यांना परत आणायला माणूस पाठवावा लागला. नबीलालने मग 'गोळ्या' पुसून 'काडतुसे' लिहिलं. त्यावर काही बायका गौसला काडतुसं कुठे मिळतात आणि ती उपाशीपोटी घ्यायची का, असं विचारू लागल्या. पण तेवढं चालायचंच. बोर्ड उभा होता, नियम चालू होता, आणि पंधरा दिवसांत एकही शस्त्र दाराच्या आत गेलं नव्हतं. त्याआधीच्या पंधरा दिवसांतही गेलं नव्हतं, असं आमची मंडळी म्हणाली. तिच्याकडे मी लक्ष देत नाही.

आणि मग व्याही आले.

आमची सून अपेक्षा ही मंगळवेढ्याकडची. तिचे वडील आप्पा आणि आई दगडाबाई तिकडे रानातच वस्तीवर राहतात. ज्वारीचं रान, दोन खोल्या. दगडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन-चार वर्षं अंगावर काढला, आता नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा. आमच्याकडे महिन्यातून एका गुरुवारी पुण्याहून डोळ्यांचे सर्जन येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मागच्या महिन्याच्या खेपेला त्यांनी दगडाबाईंना तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "उजवा पिकून फुगलाय. पुढच्या खेपेला झालाच पाहिजे. आणखी महिना गेला तर डोळा हातचा जाईल." अपेक्षा कधी काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मामा, आईचं एवढं तुमी बघा." मी म्हणालो, "तू निश्चिंत राहा. दवाखाना आपलाच आहे."

त्या गुरुवारी सकाळी दहाला एसटीने दोघं आले. अपेक्षाने आईला हाताला धरून वॉर्डात नेलं. मी कार्यालयात केसपेपरवर सह्या करत होतो, तेवढ्यात गौस आला.

"सायब, तुमचे पावणे गेटवर हायत. काखेत चादर हाय. चादरीत बंदूक हाय."

"काय आहे?"

"बंदूक. म्या इचारलं चादरीत काय, त्ये खरं बोलले. आता बोला, काय करू?"

मी बाहेर धावलो. आप्पा म्हणजे सहा फूट उंच, काटक, पांढरी मिशी आणि दिवसातून दहाएक शब्द बोलणारा माणूस. काखेत सोलापुरी चादरीची गुंडाळी, तिच्यातून बंदुकीचा दस्ता आणि चामड्याचा पट्टा बाहेर आलेला. रानडुकरांपासून पीक राखायला मिळते ती एका नळीची बंदूक.

"आप्पा, अहो हे कशाला आणलं?"

"घराला कुलूप घालून आलो," आप्पा म्हणाले. "रिकाम्या घरात बंदूक ठिवायची न्हाय, असं तिकडच्या फौजदारानं बजावलंय. मग कुटं ठिवू?"

आता कायद्याच्या दृष्टीने हे बिनतोड होतं. मी म्हणालो, परवाना दाखवा. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनं पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं. फोटोवर सरकारी शिक्का असा बसलेला की फोटो बाप्याचा की बाईचा हेही कळू नये. पुस्तक धरताना आप्पांच्या हाताचा अंगठा नेमका नावाच्या ओळीवर आला होता. अंगठ्यापलीकडे 'आप्पा' एवढं दिसलं. चौतीस वर्षांच्या अनुभवाने मी मान डोलावली आणि पुस्तक परत दिलं. या क्षणाकडे मी नंतर पुष्कळदा परत गेलो आहे.

माझी पंचाईत लक्षात घ्या. व्याही म्हणजे काही साधा पाहुणा नव्हे. लग्नात भर मांडवात ज्याला मिठी मारली, टोपी-उपरणं दिलं, तो माणूस. त्याला मी माझ्याच दवाखान्याच्या दारात, माझ्याच बोर्डाखाली, रस्त्यावर उभं करणार? आणि नाही केलं, तर पंधरा दिवस जे भाषण जो भेटेल त्याला ऐकवलं त्याचं काय? गौस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "आप्पा, रागावू नका. तुम्ही जरा समोर चहाच्या टपरीवर बसा. मी काहीतरी मार्ग काढतो." आप्पा रागावले नाहीत. चादर उचलून समोरच्या बाकावर जाऊन बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मार्ग काढायला टपरीवर अख्खी पेठ जमली. एक म्हणाला, नळी काढून आत न्या आणि दस्ता बाहेर ठेवा, अर्धी बंदूक ही बंदूक नव्हेच. दुसरा म्हणाला, तिला प्लास्टर घाला, मोडलेला पाय म्हणून आत जाईल. तिसऱ्याने तर बंदुकीच्या नावाने केसपेपर काढायला सांगितलं, स्त्री, वय पंचवीस. मी बंदूक माझ्या घरी ठेवायचं सुचवलं आणि मंडळींना फोन केला. "घरात ती आली तर मी जाईन," असं तिकडून उत्तर आलं. शिवाय दुसऱ्याची बंदूक ताब्यात ठेवणं हा माझ्या समजुतीप्रमाणे गुन्हा होता. ती समजूत बरोबर होती, हे नमूद करतो. त्या दिवशी तेवढी एकच बरोबर होती.

बारा वाजता सिस्टर हुस्ना आल्या. "सर, दगडाबाईंचं बीपी दीडशे होतं, ते एकशे ऐंशी झालंय. असं असेल तर सर्जन ऑपरेशनला घेणार नाहीत."

वॉर्डात गेलो. दगडाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरलेली. माझा आवाज ऐकून त्यांनी पदर सावरला.

"पावणं, मालक कुटं हायती?"

"बाहेरच आहेत, विहीणबाई. समोरच. चहा घेतायत."

"न्हाईत," त्या म्हणाल्या. "हितं आल्यापासनं कडी वाजली न्हाय."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. "आमच्या मालकास्नी बोलायची सवय न्हाय. माणूस बाजूला हुबा हाय का गेला, मला आंधळीला कसं कळावं? बंदुकीच्या पट्ट्याला कडी हाय. चालले की वाजती, बसले तरी जरा वाजती. ती वाजली की मी समजते, हितंच हायती. हितं नुसती परकी माणसं बोलत्यात. माजा जीव घाबरा झालाय बगा. त्यास्नी बोलवा, न्हाय तर मला गावाकडं सोडा. मी न्हाय झोपायची त्या टेबलावर."

शेजारी अपेक्षा उभी होती. "मामा," ती म्हणाली, "बोर्ड तुमचा हाय. आई माजी हाय." एवढंच. तिच्या हातात घरून आणलेला चहाचा थर्मास होता. तिने सिस्टरना चहा दिला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दिला, त्या बाईंना भेटायला आलेल्या माणसालाही दिला. मला विचारलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तसाच बाहेर आलो.

आता दोन रस्ते होते. एक, बोर्ड काढून टाकणं. दुसरा, बंदूक रीतसर पोलिसांकडे जमा करणं. सुशिक्षित माणूस दुसरा रस्ता धरतो. मी रिक्षा बोलावली, आप्पांना बसवलं, चादर आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी घेतली आणि चौकीवर गेलो. सर्जनच्या गाडीला साडेचार तास होते. माझा सगळा हिशेब अर्ध्या तासाचा होता.

चौकीवर अभिमन्यू नावाचे हवालदार होते. वयाने तरुण, पण टेबल बघूनच माणूस मला आवडला. पेन, शिक्का, रजिस्टर, सगळं एका रेषेत. मी ओळख सांगितली, सगळी हकिकत सांगितली, त्यांनी आदराने ऐकली. बंदुकीची नळी उघडून बघितली. रिकामी. "काडतुसं?" त्यांनी विचारलं.

"न्हाईत," आप्पा म्हणाले. "अठरा सालात येक बार उडवला. शेजाऱ्याची म्हस आटली. तवापासनं बंद."

"जमा होईल की," अभिमन्यू म्हणाले, "काही अडचण नाही," आणि त्यांनी परवान्याचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर थांबले. माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, परत पुस्तकाकडे बघितलं.

"साहेब, हे वाचलंत का?"

"वाचलं. आप्पा."

"आप्पाच्या आधी काय आहे?"

आधी होतं: 'दगडाबाई भ्र.'

भ्र.! भ्रतार! दगडाबाई, नवरा आप्पा! पाटबंधारे खात्यात लाभधारकांच्या याद्यांमध्ये हे 'भ्र.' मी हजारो वेळा लिहिलेलं, तपासलेलं. कनिष्ठ लिपिकाने ते एकदा गाळलं म्हणून त्याला मेमो दिलेला. आणि आज एका अंगठ्यापायी मी बायकोच्या जागी नवरा वाचला होता.

"आप्पा, परवाना विहीणबाईंच्या नावावर आहे?"

"व्हय की. रान तिच्या बाचं. वारस ती. मग परवाना बी तिचाच झाला."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुटं?" आप्पा म्हणाले.

अभिमन्यूंनी पेन टेबलावर समांतर ठेवलं आणि अगदी शांतपणे मला परिस्थिती सांगितली. परवानाधारक बाई सोबत असेल, तर तिच्यासाठी तिच्या नवऱ्याने बंदूक वाहिली तर चालतं. बाई माघारी असेल तर चालत नाही. म्हणजे मंगळवेढ्यापासून दवाखान्याच्या गेटपर्यंत सगळं ठीक होतं. गेटवर मी आप्पांना बाईंपासून वेगळं केलं आणि तिथून गुन्ह्याला सुरुवात झाली. टपरीवर दोन तास गुन्हा चालू राहिला. मग मी स्वतः रिक्षा करून तो गुन्हा पोलीस चौकीत घेऊन आलो.

"ही माझ्याकडे जमा करायची तर अर्जावर बाईंची सही लागेल," ते म्हणाले. "अंगठा चालणार नाही, पुस्तकात सही आहे. तोपर्यंत या बंदुकीला जगात एकच कायदेशीर जागा आहे. बाईंच्या जवळ. बाई कुठे आहेत?"

"माझ्या बोर्डाच्या आत," मी म्हणालो.

त्यांनी कोरा अर्ज दिला आणि स्वतः मोटारसायकलवर आमच्या मागून निघाले. रिक्षात माझा पारा चढला होता. माणसाने एवढं गप्प राहू नये. मी म्हणालो, "आप्पा, काडतूस नाही, बार उडवत नाही, मग ही बंदूक खांद्यावर घेऊन हिंडायचं तरी कशाला? डुकरं काय कडी ऐकून पळतात?"

 आप्पा बाहेर बघत म्हणाले, "डुकरासाठी न्हाय घेत. दोन वर्सं झाली, डुकरं आलीच न्हाईत."

"मग?"

"तिला वाजावी म्हनून घितो," ते म्हणाले. "मला काय बोलायचं सुचत न्हाय. कडी वाजली की ती खुशाल असती."

 माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्या वेळेलाच मी रिक्षावाल्याला 'जरा लवकर घे बाबा' म्हणालो.

गेटवर गौसने काठी आडवी केली.

"सायब, बोर्ड."

"गौस, बाजूला हो. मी सचिव आहे."

"मंत्री असू दे न्हाय तर तुमी असा, असं ठरलंय आपलं."

मागे मोटारसायकलवर हवालदार, समोर काठी, शेजारी व्याही, आणि घड्याळात पावणेतीन. मला गौसला ओरडता येत होतं, पण त्याने एकही चूक केली नव्हती. तेव्हा मी खिशातून पेन काढलं, एका केसपेपरच्या पाठीवर दवाखान्याच्या मानद सचिवांना उद्देशून अर्ज लिहिला की, रुग्णाच्या प्रकृतीच्या कारणास्तव एक वेळची बाब म्हणून एक रिकामी बंदूक आत नेण्यास परवानगी मिळावी. खाली सही केली. मग तोच कागद उलटा करून, 'विशेष बाब म्हणून मंजूर' असं लिहून पुन्हा सही केली. गौसने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि काठी उचलली. अभिमन्यू मला म्हणाले, "साहेब, आवक क्रमांक राहिला." मी तोही टाकला.

वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये आप्पा चालायला लागले आणि मी पहिल्यांदा ती कडी ऐकली. अगदी बारीक आवाज. बैलाच्या गळ्यातली घंटी लांबून ऐकू यावी तेवढाच. खाटेवर दगडाबाईंनी मान वर केली.

"आलासा?"

"हां," आप्पा म्हणाले.

दगडाबाईंचे हात खाटेच्या कडेवरून सुटले. सिस्टर हुस्नांनी दहा मिनिटांनी बीपी घेतलं. एकशे चाळीस. अपेक्षाने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मी घाईघाईने अर्ज पुढे केला. "विहीणबाई, इथे फक्त एक सही करा, म्हणजे हे प्रकरण मिटेल."

"कुटं करू?"

"इथे, या रेघेवर."

"पावणं, रेग दिसली असती तर मी हितं कशाला आली असती?" दगडाबाई म्हणाल्या. "आणि अंगठा मागू नगा. मी चौथी पास हाय. आदी डोळा करा, मग सही करते."

म्हणजे ऑपरेशनशिवाय सही नाही आणि सहीशिवाय बंदूक हलत नाही. असा पेच सरकारी खात्यात तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आमच्याकडे दुपारच्या चहाआधी झाला. सर्जनसाहेब गाऊन चढवून बाहेर आले, त्यांनी बंदूक बघितली, हवालदार बघितले आणि मला बघितलं. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. 'भ्र.'सकट सांगितलं. त्यांना सव्वाचारला निघायचं होतं.

"थिएटरच्या दाराबाहेर बसवा त्यांना," ते म्हणाले. "आणि ती कडी वाजवत राहायला सांगा. मला पेशंट शांत हवाय."

आता दारापलीकडून बाई 'सोबत' धरायच्या की नाही? मी शंका काढली. चूक माझीच. अभिमन्यूंनी दाराला असलेल्या गोल काचेकडे बघितलं आणि निर्णय दिला, "काचेतून दिसतंय. नजरेच्या टप्प्यात आहेत."

"पण त्यांना दिसतच नाही," मी म्हणालो.

"साहेब," अभिमन्यू म्हणाले, "आता तुम्ही जरा गप्प बसता का?"

मी बसलो. बाकावर मधे आप्पा, एका बाजूला हवालदार, दुसऱ्या बाजूला मी. मांडीवर आडवी बंदूक. समोरून पेशंटची ये-जा चालू होती. बोर्ड लावणारे सचिव बंदुकीला खेटून बसलेले प्रत्येकाने थांबून पाहिले. माझ्या इभ्रतीचं त्या दिवशी जे काही झालं ते त्या अर्ध्या तासात, त्या बाकावर झालं. आप्पांचं कशाकडे लक्ष नव्हतं. ते दाराकडे बघत होते आणि दर थोड्या वेळाने बोटाने कडी हलवत होते. एकदा त्यांचं बोट थांबलं.  आतून सिस्टरचा आवाज आला, "बाबा, वाजवा!" मी हात पुढे केला आणि कडी हलवली. अभिमन्यूंनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावल्याबद्दल कोणतं कलम लागतं ते मला ठाऊक आहे.

चार वाजता दार उघडलं. "छान झालं," सर्जन म्हणाले आणि गाडी गाठायला पळाले.

त्या रात्री आप्पा बाईंच्या खाटेशेजारीच राहिले, हवालदारांच्या रजिस्टरमधल्या रीतसर नोंदीसह. सकाळी नऊला मोठ्या डॉक्टरांनी दगडाबाईंच्या डोळ्यावरची पट्टी काढली. आम्ही सगळे भोवती उभे. दगडाबाईंनी डोळा मिचकावला, परत उघडला. खिडकीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि मग आप्पांकडे. आप्पा मिशीवरून हात फिरवत होते.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "मिशी कवा पांडरी झाली वो? सांगितलं बी न्हाय."

 आप्पांनी सवयीने कडी हलवली. "नगा वाजवू," दगडाबाई म्हणाल्या, "दिसतासा की." अपेक्षा हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता तिने थर्मास उघडून पहिला कप माझ्या हातात दिला. साखर कमी होती. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

आता औषधासाठी आठ दिवस दोघांनी आमच्याकडे राहायचं होतं आणि आमच्या घरात बंदुकीला प्रवेश नव्हता, तेव्हा जमा करणं आलंच. अभिमन्यू दहाला अर्ज न्यायला आले. दगडाबाईंनी पेन मागून घेतलं. कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर गिरवत सही केली. मग मी दाखवायच्या आत त्यांनी खालचा रकानाही भरून टाकला: 'शस्त्र जमा करण्याचे कारण'. पुरतं भरल्यावर कागद माझ्याकडे दिला.

त्यांनी लिहिलं होतं, 'आता मालक डोळ्याने दिसतात.'

अभिमन्यूंनी वाचलं.  मग ते हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हे कारण चालत नाही. परगावी जाणे, दुरुस्ती किंवा आजारपण, यातलंच एक लागतं. तुम्ही बाईंना सांगून बदलून घ्या ना. तुमचं ऐकतील."

मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. चौतीस वर्षं मी याच रकान्यावरून लोकांचे अर्ज परत पाठवले होते. 'कारण समर्पक नाही.' 'कारण नियमात बसत नाही.' कुणाला पाणी पाहिजे असायचं, कुणाला बदली, कुणाला आईसाठी रजा. सगळ्यांना मी बसणारी कारणं लिहायला शिकवलं.

"अभिमन्यू," मी म्हणालो, "या रकान्यात खरं कारण लिहिलेलं मी आज पहिल्यांदा बघतोय. मारा शिक्का."

 त्यांनी खाटेकडे बघितलं. दगडाबाई आप्पांचा सदरा बोटांनी चिमटीत धरून त्याचा रंग पाहत होत्या.

अभिमन्यूंनी कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, सरळ केला, आणि शिक्का मारला.